रिलॅक्सर सोडून मूळच्या केसांकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन न्यू जर्सीत आले त्याला आता २२ वर्षं झाली. नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन, सासूबाई लहानपण अलाबामात काढून नेवार्कला आलेल्या, नणंद माझ्याहून ४ वर्षांनी मोठी आणि मुलगी १७ वर्षांची. तिघींचेही केस माझ्या हाताखालून गेले आहेत. त्यामुळे ओळखीतल्या मराठी बायका मला फोन करून विचारतात: कुणाची सून कृष्णवर्णीय आहे, कुणाची नात, कुणाची मुलीची रूममेट. "ती म्हणते रिलॅक्सर बंद करणार, म्हणजे नक्की काय करणार?" रिलॅक्सर म्हणजे कुरळे केस कायमचे सरळ करणारं रासायनिक क्रीम. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र उत्तरं लिहिली आहेत.

रिलॅक्सर म्हणजे आपल्याकडचं स्मूदनिंगच ना?

नाही, आणि हा फरक आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना धरून असतात आणि केसाचा आकार पक्का ठेवण्यात या दुव्यांचा मोठा वाटा असतो. रिलॅक्सरमध्ये तीव्र अल्कली असते. जुन्या पद्धतीच्या 'लाय' रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा. तुंबलेली मोरी मोकळी करायला जी पूड टाकतात ना, त्यातलंच रसायन. 'नो-लाय' म्हणून विकतात त्यात बहुतेक वेळा कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या क्रीममध्ये ग्वानिडिन कार्बोनेटचं द्रावण ऐन वेळी मिसळतात. नाव सौम्य वाटलं तरी तीही तीव्र अल्कलीच असते. दोन्हींचा पीएच १२ ते १४ च्या घरात.

आपल्याकडच्या स्मूदनिंग-रिबाँडिंगमध्ये साधारणपणे थायोग्लायकोलेट नावाचं रसायन वापरतात. ते दुवे उघडतं आणि नंतरच्या न्यूट्रलायझरने ते नव्या आकारात परत जोडले जातात. रिलॅक्सरमध्ये दुवा बदलतो तो कायमचाच, त्याला परत जोडता येत नाही. म्हणून एकदा रिलॅक्स झालेला केस कुठल्याही तेलाने, मास्कने, मेंदीने पुन्हा कुरळा होत नाही. कुरळा येतो तो फक्त मुळाशी नव्याने उगवणारा केस. तो उगवला की दर ६ ते ८ आठवड्यांनी त्याच्यावर पुन्हा रिलॅक्सर लावायचा, याला टच-अप म्हणतात. 'नॅचरल' व्हायचं म्हणजे हा टच-अप थांबवायचा. करायची कृती एवढीच.

इतकं तीव्र रसायन असताना बायका ते लावायच्याच कशाला?

हा प्रश्न विचारताना आवाजात थोडा तिटकारा येतो, तो कृपा करून बाजूला ठेवा. केसांवरून बाईची लायकी ठरवणं आपल्याला नवीन नाही. केशवपनाची आठवण महाराष्ट्राने विसरावी इतकी जुनी झालेली नाही.

अमेरिकेतला लुइझियाना स्पेनच्या ताब्यात होता तेव्हा, १७८६ साली, गव्हर्नर मिरोने हुकूम काढला की स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय बायकांनी केस कापडाने झाकावेत. त्या बायकांनी इतके देखणे, रंगीत फेटे बांधले की हुकुमाचा हेतूच बाजूला राहिला. गुलामगिरी संपल्यावरही नोकरी, शाळा, चर्च सगळीकडे सरळ केसांना 'चांगले केस' म्हणायची रीत राहिली. १९१३ साली क्लीव्हलंडच्या गॅरेट मॉर्गन यांनी केस सरळ करणारं क्रीम विकायला कंपनी काढली. हेच मॉर्गन पुढे वाहतुकीच्या सिग्नलच्या पेटंटसाठीही ओळखले गेले. मॅडम सी. जे. वॉकर यांनी इंडियानापोलिसमध्ये कृष्णवर्णीय बायकांच्या केसांसाठी कारखाना उभारला आणि हजारो बायकांना विक्रेती म्हणून कमावतं केलं. शिकागोची जॉन्सन प्रॉडक्ट्स १९५४ साली सुरू झाली आणि १९७१ साली अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदवली गेलेली पहिली कृष्णवर्णीय मालकीची कंपनी ठरली. तिच्या वाढीत केस सरळ करणाऱ्या मालाचा मोठा हात होता. म्हणजे या धंद्यात अपमान आहे तसा स्वाभिमानाचा रोजगारही आहे. दोन्ही खरं आहे.

आणि घरातली गोष्ट सांगते. सासूबाईंच्या लहानपणी त्यांच्या घरी रिलॅक्सर नव्हता, लोखंडी फणी होती. शनिवारी रात्री त्यांची आई चुलीच्या जाळावर फणी तापवायची, आधी कागदावर टेकवून बघायची. कागद करपला तर थांबायचं. मग "कान धर" म्हणायची. पोरीने कानाची पाळी दुमडून हाताने धरायची, म्हणजे फणी कानाला लागणार नाही. रविवारी चर्चला जायचं असायचं. सासूबाई आजही डोक्याजवळ काही गरम आलं की कान धरतात. रिलॅक्सर आला तेव्हा त्यांना तो सुटका वाटला असेल तर मी त्यांना काय म्हणू?

मग आता सोडतात त्या का?

कुणी तब्येतीसाठी, कुणी तुटणाऱ्या केसांमुळे, कुणी पोटात बाळ असताना, कुणी मुलीला बघून. साठच्या दशकात 'ब्लॅक इज ब्युटिफुल' म्हणत एक पिढी आफ्रो, म्हणजे कुरळ्या केसांचा मोठा गोल, ठेवून रस्त्यावर उतरली होती. त्या चळवळीतल्या अँजेला डेव्हिस यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. नंतर रिलॅक्सर परत बोकाळला आणि २००० नंतर पुन्हा लाट फिरली, या वेळी आंदोलनाइतकीच न्हाणीघरातल्या प्रयोगांमधून.

पण मी जवळून पाहिलेलं कारण वेगळं आहे. नणंदेला पहिला रिलॅक्सर ७ व्या वर्षी लावला होता. ४१ व्या वर्षी ती मला म्हणाली, "माझे केस कसे आहेत ते मला माहीतच नाही." डोक्यावरचेच केस, आणि मोठेपणी एकदाही पाहिलेले नाहीत! दर दीड महिन्याला मुळाशी बोटाच्या जाडीएवढे उगवायचे आणि मारले जायचे. हे वाक्य मी नंतर कितीतरी बायकांकडून ऐकलं. तुमच्या ओळखीची जी कुणी हा विचार करत असेल, तिच्या मनातही बहुधा हेच कुतूहल असेल आणि त्याच्या बरोबरीने भीती. निघालेलं आवडलं नाही तर?

रिलॅक्सरने कॅन्सर होतो हे खरं का?

जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या 'सिस्टर स्टडी'चे निष्कर्ष ऑक्टोबर २०२२ मध्ये आले. ३५ ते ७४ वयाच्या ३३,४९७ स्त्रियांचा जवळजवळ ११ वर्षं मागोवा घेतला होता. त्या काळात गर्भाशयाच्या कॅन्सरच्या ३७८ केसेस झाल्या. केस सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरलेल्या स्त्रियांत ७० वर्षं वयापर्यंत हा कॅन्सर होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, आणि वर्षात ४ पेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असा अंदाज निघाला. ही उत्पादनं वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या. पुढच्या वर्षी बॉस्टन विद्यापीठाने ४४,००० हून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रजोनिवृत्ती झालेल्या आणि वर्षानुवर्षं रिलॅक्सर लावणाऱ्या स्त्रियांत धोका वाढलेला दिसला.

याचा अर्थ संबंध दिसतो. अमुक डबीतल्या अमुक घटकाने कॅन्सर होतो, असं या अभ्यासांनी सिद्ध केलेलं नाही. वापरणाऱ्या शंभरातल्या शहाण्णवांना हा कॅन्सर झालेला नसतो, हेही त्याच आकड्यांत आहे. तुमच्या सुनेने २० वर्षं लावला असेल तर तिला घाबरवू नका. डॉक्टरांना ही माहिती द्यायला सांगा, आणि पाळी थांबल्यावर रक्तस्राव झाला तर एक दिवसही न थांबता दाखवायला सांगा. फॉर्मल्डिहाइड या रसायनाचा जो बोभाटा आहे तो मुख्यतः केराटिन ट्रीटमेंट, ब्राझिलियन ब्लोआउट या केस सरळ करण्याच्या दुसऱ्या प्रकारांबद्दल आहे. लाय रिलॅक्सर वेगळा.

कॅन्सरचं राहू दे, भाजणं तर डोळ्यांसमोर घडतं. माझी मुलगी ९ वर्षांची असताना मी तिला एका सलूनमध्ये नेलं. नेलं मी, हट्ट तिचा नव्हता. तिच्या केसांचा गुंता मला सोडवता येत नव्हता आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती. आदल्या दिवशी डोकं खाजवलं होतं का, हे तिथे कुणी विचारलं नाही. खाजवलेल्या टाळूवर रिलॅक्सर लावायचा नसतो. ती "आई, आग होतेय" म्हणत होती आणि लावणारी म्हणाली, "अजून ५ मिनिटं सोस, मग बघ कशी दिसतेस." उजव्या कानामागे खपली धरली ती १५ दिवस होती. १३ व्या वर्षी तिने मला विचारलं, "माझे खरे केस कसे आहेत?" त्या दिवशी आम्ही थांबलो.

सगळे कापून टाकायचे की हळूहळू वाढवायचे?

दोन्ही रस्ते आहेत. सरळ भाग एकदम कापून टाकतात त्याला 'बिग चॉप' म्हणतात. मागे इंच-दीड इंच कुरळे केस उरतात. टच-अप थांबवून केस वाढू द्यायचे आणि टोकं थोडी थोडी छाटत जायचं, याला 'ट्रान्झिशन' म्हणतात.

नणंदेने बिग चॉप केला. ५ महिने थांबली होती, पण केस रोज उशीवर तुटून पडायचे. एका रविवारी ती आमच्या न्हाणीघरात आली, डोकं ओलं केलं. ओल्या केसांत सरळ कुठे संपतो आणि कुरळा कुठे सुरू होतो ते स्पष्ट दिसतं, म्हणून हे ओल्यातच कापायचे. तिने कात्री माझ्या हातात दिली. पहिली बट कापल्यावर उरलेला केस स्प्रिंगसारखा टाळूकडे गोळा झाला. ती आरशात बघत बराच वेळ काही बोलली नाही. मग मानेवरून हात फिरवत म्हणाली, "बाबांचे केस." तिचे वडील जाऊन तेव्हा ६ वर्षं झाली होती.

मुलीने ट्रान्झिशन केलं, कारण शाळेत आखूड केस घेऊन जायची तिची तयारी नव्हती. दीड वर्ष लागलं. माझं मत विचाराल तर: सरळ आणि कुरळा भाग मिळतात त्या सांध्याशी केस खूप तुटत असतील, किंवा बाईला आखूड केस आवडत असतील, तर बिग चॉप बरा. रोज आरशात रडू येणार असेल तर ट्रान्झिशन. पण हे मत माझं आणि डोकं तिचं. "कापू नकोस गं, बाईला लांब केसच शोभतात" हे आपल्या तोंडून हमखास निघतं. ते गिळा.

किती महिने लागतात?

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. आफ्रिकी वंशाचा केस सरासरीने त्याहूनही हळू वाढतो, असं मोजमापांत दिसलं आहे. म्हणजे वर्षात हातात येतात ताणून १० सेंटिमीटरच्या आसपास. सोडले की आकसून त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढेच दिसू शकतात, म्हणून "वाढतच नाहीत" असं वाटतं. वाढतात. एक बट ताणून मोजा आणि तारीख लिहून ठेवा. बहुतेक जणी ६ महिने ते २ वर्षांच्या दरम्यान कधीतरी शेवटचा सरळ भाग कापतात.

एका डोक्यावर दोन पोतांचे केस, ते सांभाळायचे कसे?

हाच काळ सगळ्यात अवघड, आणि परत रिलॅक्सरकडे वळणाऱ्या बहुतेक याच काळात वळतात. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

मुळाशी दाट, कुरळा केस आणि पुढे पातळ, सरळ. जिथे दोन्ही मिळतात तो सांधा सगळ्यात कमजोर. कुरळा केस मुळातच चपटा, लंबगोल छेदाचा असतो आणि प्रत्येक वळणावर नाजूक असतो. टाळूचं तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून तो कोरडा राहतो. आपण काय करतो? कोरडे केस, बारीक दातांची फणी, टाळूपासून खाली एक झटका. तो इथे चालणार नाही.

आमच्याकडे रविवार न्हाण्याचा. मी सोफ्यावर, मुलगी खाली पाटावर माझ्या गुडघ्यांमध्ये. केसांचे ४ भाग करून चिमटे लावायचे. एक भाग सोडायचा, पाण्याच्या फवाऱ्याने ओला करायचा, कंडिशनर असं थापायचं की बोटांखालून केस बुळबुळीत सरकला पाहिजे. आधी नुसती बोटं. गुंता बोटांना कळतो, फणीला कळत नाही. मग रुंद दातांची फणी, आणि तीही टोकाकडून सुरू करून थोडं थोडं वर मुळाकडे जायचं. सांध्याच्या वर केस चिमटीत धरून ठेवायचा, म्हणजे ओढ टाळूला आणि सांध्याला लागत नाही. सुटला की त्या भागाचा दोन पदरी पीळ घालून बाजूला, मग पुढचा. सुरुवातीला मला ३ तास लागायचे, आता सव्वा तास. गुंता सुटतो तेव्हा एक बारीक कर्र असा आवाज येतो. तो तुटण्याच्या टक् आवाजाहून वेगळा असतो. हा फरक कानाला कळायला लागला की तुम्ही शिकलात म्हणायला हरकत नाही.

डोकं आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा धुवावं, असा अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. रोज नको. धुतल्यावर ओल्यातच लीव्ह-इन (न धुता केसांतच ठेवायचं) कंडिशनर, वर थोडं तेल किंवा शिया बटर. रात्री सॅटिनची टोपी किंवा उशीला सॅटिनचा अभ्रा, कारण सुती कापडावर केस घासून तुटतात आणि ओलावाही जातो.

दोन पोत लपवायचे असतील तर ओल्या केसांचे पीळ किंवा वेण्या घालून पूर्ण वाळू द्यायच्या आणि मग सोडायच्या. सरळ भागही नागमोडी होतो आणि सांधा दिसत नाही. पूर्ण वाळू द्यायच्या, हे विसरू नका. अर्धवट ओले सोडले तर तासाभरात सगळं विस्कटतं.

४ए, ४बी, ४सी हे काय असतं?

केसांच्या वळणाचे प्रकार. मूळ पद्धत आंद्रे वॉकर या केशरचनाकाराची, १९९० च्या दशकातली. ४सी ही पायरी नंतर बायकांनीच जोडली. उत्पादनं निवडताना थोडा उपयोग होतो, पण एकाच डोक्यावर तीन प्रकार असतात. माझ्या मुलीचे मानेवरचे केस वेगळे आणि माथ्यावरचे वेगळे. यात '३' (सैल कुरळे) म्हणजे बरे आणि '४सी' (सगळ्यात घट्ट कुरळे) म्हणजे वाईट असा क्रम लावतात, तो जुन्या 'चांगल्या केसां'चाच नवा अवतार आहे.

आपलं खोबरेल तेल चालेल का?

चालेल, पण आपल्या पद्धतीने नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुण्याआधी लावलं तर प्रथिनांची झीज कमी करतं. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती, त्यात खोबरेलच सरस ठरलं. (खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा अभ्यास आहे हे लक्षात असू द्या. तरी केसांवरच्या संशोधनात त्याचा आधार आजही घेतात.) म्हणून न्हाण्याआधी अर्धा तास लावा. कोरड्या केसांना तेलाने ओलावा मिळत नाही, तो पाण्याने मिळतो. तेल फक्त आतला ओलावा धरून ठेवायला. काही जणींचे केस खोबरेलाने कडक होतात, त्यांनी सोडून द्यावं. टाळूवर कोंडा असेल तर तेलाने तो वाढू शकतो.

आवळा, शिकेकाई, माका, मेंदी हे सगळं इथल्या नॅचरल केसांच्या बायका आवडीने वापरतात. मेंदीने वळण थोडं सैल पडू शकतं. ज्या मेंदीच्या पुड्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात ती मात्र लांब ठेवा.

मधल्या काळात वेण्या किंवा गंगावन?

बऱ्याच जणी हेच करतात. बारीक वेण्या, कॉर्नरो (टाळूला चिकटून ओळीने घातलेल्या वेण्या), किंवा कॉर्नरोवर दोऱ्याने शिवलेलं गंगावन. इथे त्याला वीव्ह म्हणतात. स्वतःचे केस आत सुरक्षित राहतात. पण घालून झाल्यावर डोकं ठणकत असेल, कपाळाशी पुटकुळ्या आल्या असतील, तर वेण्या जास्त घट्ट झाल्या आहेत. त्याच दिवशी सैल करून घ्या. सततच्या ओढीने कानशिलाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात. ६ ते ८ आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नयेत.

नेवार्कच्या दुकानात गंगावनाच्या पाकिटांवर 'इंडियन' लिहिलेलं असतं. तिरुमलाला भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं, आणि ते केस निवडून, जुळवून जगभर जातात. माझ्या आजीने नातवाच्या दुखण्यात बालाजीला केस दिले होते. हे मी नणंदेला सांगितलं तेव्हा तिने हातातलं पाकीट खाली ठेवलं आणि विचारलं, "तिला कुणी विचारलं होतं का, पुढे याचं काय करू म्हणून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लॉक्स म्हणजे आपल्याकडची जट का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त मराठी लोकच विचारतात, आणि का विचारतात ते मला कळतं. आपल्याकडे जट म्हणजे देवीचं बोलावणं मानून बाईच्या डोक्यावर वर्षानुवर्षं वाढू दिलेला गुंता. त्यापायी मुली यल्लम्माला सोडल्या गेल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या आजही बायकांची समजूत घालून जटा कापतात आणि ते फार मोलाचं काम आहे.

लॉक्स वेगळे. तिथे बाई स्वतः ठरवते, भांग पाडून केसांचे सारखे भाग करते, ते वळून किंवा पीळ घालून कित्येक महिन्यांत घट्ट होऊ देते. नियमित धुते, टाळू स्वच्छ ठेवते, नको झाले की कापते. 'ड्रेड' हा शब्द अनेकींना आवडत नाही, म्हणून 'लॉक्स'. रिलॅक्सर सोडल्यावर काही जणी थेट लॉक्सकडेच जातात. तेव्हा सुनेच्या लॉक्सना जट म्हणू नका, आणि कापायचा सल्ला तर नकोच.

नोकरीत अडचण येते का?

येत होती, अजूनही येते. १९८१ साली एका विमान कंपनीच्या कर्मचारी बाईने कॉर्नरोसाठी न्यूयॉर्कच्या कोर्टात दाद मागितली आणि ती हरली. वेणी काय, सोडता येते, असं कोर्टाचं म्हणणं. अलाबामातल्या एका बाईला लॉक्स कापायला नकार दिला म्हणून मिळालेली नोकरी गमवावी लागली होती, त्यातही २०१६ साली अपील कोर्टाने कंपनीचीच बाजू घेतली. अमेरिकी लष्कराने बायकांना लॉक्सची परवानगी २०१७ साली दिली.

कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ मध्ये क्राउन कायदा केला: केसांच्या पोतावरून किंवा वेण्या, पीळ, लॉक्स यांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करायचा नाही. आमच्या न्यू जर्सीत डिसेंबर २०१८ मध्ये एका शाळकरी कुस्तीगीराला 'लॉक्स काप, नाहीतर कुस्ती सोड' असं सांगून मॅटशेजारीच त्याचे केस कापले गेले होते. त्यानंतर वर्षभराने इथेही कायदा झाला. आता दोन डझनांहून अधिक राज्यांत आहे. संपूर्ण देशासाठीचं विधेयक २०२२ साली प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये अडलं. म्हणून आधी आपल्या राज्याचा कायदा बघावा.

मी पुण्यात पार्लर चालवते. आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थिनी येतात. "मुळं कुरळी झालीत, रिबाँडिंग करून द्या" म्हणतात. करू का?

केसांवर रिलॅक्सर असेल तर अजिबात करू नका. हायड्रॉक्साइडने बदललेल्या केसावर थायोग्लायकोलेट पडलं तर केस ओल्या शेवयांसारखा हातात येतो. आधी विचारा: शेवटचं काय लावलं होतं, कधी, घरी की पार्लरमध्ये? तिला डबीचं नाव आठवत नसेल तर नाही म्हणा. धुणं, गुंता सोडवणं, टोकं छाटणं आणि पीळ घालणं एवढं शिकून घेतलंत तरी त्या मुलींची मोठी सोय होईल.

नॅचरल झाल्यावर परत कधी सरळ करायचे नाहीत का?

करता येतात. ब्लो-ड्राय आणि इस्त्रीने केलेले सरळ केस पुढच्या धुण्याला परत कुरळे होतात, याला सिल्क प्रेस म्हणतात. उष्णता जास्त झाली तर मात्र वळण कायमचं जातं. आणि कुणी वर्षभराने परत रिलॅक्सर लावला तर तीही तिची मर्जी. नणंदेची एक मैत्रीण परत गेली. तिची आई आजारी होती आणि रविवारचे ३ तास तिच्याकडे नव्हते. तिला कुणी नावं ठेवू नयेत.

टाळू दुखते, माथ्यावर विरळ झालं आहे. रिलॅक्सर सोडल्याने भरून येईल का?

थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. माथ्याच्या मधोमध सुरू होऊन बाहेर पसरणारी एक केसगळती कृष्णवर्णीय स्त्रियांत बरीच दिसते. त्यात मुळांच्या जागी व्रण होतो आणि तिथे केस परत येत नाहीत. लवकर कळली तर थांबवता येते. सासूबाईंनी १० वर्षं त्यावर टोपी घातली.

घरात आम्ही काय बोलावं?

न विचारता केसांना हात लावू नका, कौतुकानेसुद्धा. 'झिपऱ्या', 'पिंजारलेले', 'शेवया' हे शब्द विसरा. इथल्या एडिसन गावी गणपतीच्या आरतीला एक काकू मला म्हणाल्या होत्या, "अगं, पोरीचे केस नीट विंचरून तरी आणायचेस." सकाळी २ तास बसून घातलेले पीळ होते ते. मुलीला मराठी समजत नाही असं त्यांना वाटलं. तिला समजतं. मी तेव्हा हसून वेळ मारून नेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पुढच्या वर्षी त्याच काकूंना मी मुलीसमोर सांगितलं की हे विंचरलेलेच आहेत.

लग्नात तिला गजरा माळता येईल का?

का नाही! केस वर गोळा करून सॅटिनच्या रबराने सैल बांधा, म्हणजे मोठा गोल गेंद होतो. गजरा त्याच्या बुडाशी दोनदा गुंडाळा आणि यू-पिना केसांच्या आत तिरक्या खोचा. दाट केसांत त्या आपल्या सरळ केसांपेक्षा पक्क्या बसतात. गजऱ्याचा दोरा ओढून बांधू नका, आणि पाणी मारलेला गजरा आधी रुमालावर झटकून घ्या, नाहीतर पाणी लागलेली बाजू आकसते आणि गेंद कलतो. मुलीच्या चुलतभावाच्या लग्नात साताऱ्याला ५ गजरे लागले. फुलवालीने एक सहावाही दिला आणि स्वतःच्या हाताने माळला, पण आधी तिला विचारून.